ठासणीच्या बंदुकीचं मोल

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात ठासणीची बंदूक काय असते ते कुणाला सांगावं लागत नाही. रानडुकरं शेतात शिरतात, माणसं राखणीला बसतात आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यासाठी कचेरीचे खेटे घालतात. मात्र अशा बंदुकांपैकी एखादी संग्रहातली म्हणून विकायला निघाली की तिचं मोल वेगळ्याच रीतीनं ठरतं.

जाणकार आधी किंमत बोलतच नाही. तो नळीत हलकेच गज सोडतो, तोंडापाशी त्यावर खूण करतो आणि मग तोच गज नळीला बाहेरून लावून पाहतो. गजाचं टोक बत्तीच्या कानाच्या बरंच अलीकडे राहिलं, तर आत दारूगोळा तसाच ठासलेला असू शकतो. कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनीही पेटते. तिथं सौदा थांबवून पोलिसांना कळवावं.

नळी मोकळी निघाली की नजर घोड्यालगतच्या लोखंडी पट्टीवर जाते. मुकुट आणि ‘टॉवर’ ही अक्षरं असली, तर ती ब्रिटिश लष्करी बनावट असू शकते. 1853 च्या एन्फिल्ड रायफलची नळी 39 इंचांची, ती दस्त्याला तीन कड्यांनी जखडलेली आणि आतून पीळ पाडलेली. हे ठसेच बंदुकीची जन्मपत्रिका. सावित्रीकाठच्या दमट हवेत लोखंड गंजतं म्हणून घरचे लोक पॉलिशपेपरनं ते लखलखीत करतात. त्यात ठसा पुसतो आणि किंमत कोसळते. या घासण्याची फार हळहळ वाटते.

महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी आग्र्याला सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर दहा रुपयांत एक बंदूक तयार करी, अशी नोंद आहे. आज तिथली खात्रीची एखादी मिळाली, तर तिची किंमत कोण कशी करणार?

नेपाळच्या लगन शिलेखान्यातल्या हजारो जुन्या बंदुका 2003 साली अमेरिकी व्यापाऱ्यांनी उचलल्या. आपल्याकडे मात्र 1972 चा कायदा शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगीरीत्या परदेशी नेऊ देत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात परवान्यातून सूट आहे, पण दुरुस्त करूनही जी चालणार नाही अशाच जुन्या बंदुकीला. ते आधी अधिकृतपणे तपासून घ्यावं.

घेणाऱ्यानं बंदुकीबरोबर जुना परवाना, दारूचं शिंग आणि गोळ्या पाडायचा साचाही मागावा. साच्याचं माप नळीच्या तोंडाशी ताडून पाहावं आणि ती कुठल्या गावची, कुणाच्या घरची, हे देणाऱ्याकडून तिथल्या तिथं लिहून घ्यावं.