चंदीचा खर्च

हरभऱ्याचं पोतं पुन्हा महागलं. माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून आमचं पोट घोड्यावर. पण दस्तुरी नाक्यापर्यंत टेम्पोने आलेली चंदी पुढे वर आणायची, त्याची हमाली वेगळी. पावसाळ्यात धंदा बसतो. घोड्याला मात्र दोन्ही वेळ लागतंच.

भाव चढला की गव्हाचा कोंडा वाढवायचा मोह होतो. नुसत्या कोंड्यात कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त. हाडं कमकुवत होतात. खाणं एकदम बदललं तर पोटशूळ, आणि घोड्याला ओकताही येत नाही. म्हणून वाचवायचं ते नासाडीतून. गवत जमिनीवर न टाकता जाळीत बांधतो. घोडी तोबऱ्यात नाक खुपसून भिजल्या हरभऱ्याचा शेवटचा दाणाही ओठांनी टिपते. तिच्या बरगड्या मी रोज चाचपतो. यंदा घराचे पत्रे राहू देत. चंदी कमी करणार नाही.