दोन तोळ्यांचा जीव

वळीव पडून गेल्यावर कोल्हापुरात झाडांखाली मोडक्या फांद्या, गळलेल्या कैऱ्या आणि पाचोळ्यासोबत कधी कधी खारीचे पिलूही सापडते. एप्रिल-मेमधला हा पाऊस वारा पुढे घालूनच येतो. टाउन हॉलची बाग, रंकाळ्याचा काठ, शिवाजी विद्यापीठाचा परिसर, जुन्या बंगल्यांची परसे, जिथे वयस्क आंबा, चिंच, वड किंवा नारळ उभा आहे तिथे खार असतेच. काथ्या, कापूस, चिंध्या आणि वाळके गवत गोळा करून ती फांदीच्या बेचक्यात किंवा कौलांच्या वळचणीला घरटे करते. खालून पाहणाऱ्याला तो अडकलेल्या पाचोळ्याचा गोळा वाटतो. फांदी मोडली की तो गोळा खाली येतो आणि आत घर होते हे तेव्हा कळते.

वारा हे एक कारण झाले. पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी, गल्लीतले मांजर, टपून बसलेला कावळा, भरधाव दुचाकी, विजेची तार आणि काठोकाठ न भरलेला पाण्याचा हौद ही बाकीची. पिले बहुतेक वेळा पडून जखमी होतात, मोठ्या जखमी खारी बहुतेक वेळा मांजराच्या तोंडून सुटलेल्या असतात.

कोल्हापूरला जनावरांचा लळा जुना आहे, पण आठवणी मोठ्या जनावरांच्या आहेत. संस्थानकाळात इथे हत्तींची साठमारी चाले आणि चित्तेवान शिकारीचे चित्ते सांभाळत. दाजीपूरचे जंगल ही संस्थानची शिकारीची जागा होती, १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. तिथून पुढे सह्याद्रीच्या दाट रानात महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू राहतो. झाडावरून झाडावर झेप घेणारे शेकरू दीड-दोन किलोंचे भरते. अंगणातली खार त्याच्याच कुळातली, पण वजन जेमतेम १०० ग्रॅम. डोळे उघडण्याच्या बेताला आलेले पिलू सुमारे २० ग्रॅमचे, म्हणजे गुजरीतल्या सोनाराच्या आजच्या हिशेबाने दोन तोळे. शुश्रूषेतल्या बहुतेक चुका हे वजन विसरल्यामुळे होतात.

सापडलेल्या पिलाबाबत पहिला प्रश्न असा, की त्याला माणसाची गरज आहे का? अंगावर जखम नसेल, हाताला ऊब लागत असेल आणि घरट्याचे झाड समोरच उभे असेल, तर त्याची आई जवळपासच असते. माणसाचा हात लागलेल्या पिलाला आई टाकते, ही समजूत खरी नाही. छोट्या टोपलीत मऊ फडके घालावे, पिलू त्यात ठेवावे आणि टोपली त्याच झाडाला, मांजराची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बांधावी. मग माणसांनी तिथून दूर व्हावे. खार दिवसाच वावरते, त्यामुळे ही वाट उजेड असेपर्यंतच पाहायची. दोन-तीन तासांत बहुधा ती येते, पिलाला तोंडात धरते आणि दुसऱ्या घरट्यात नेते. खारी एकच घरटे करून थांबत नाहीत, जवळपास आणखी एखादे राखून ठेवतात. अंधार पडला आणि आई आली नाही, किंवा पिलू गार पडले, रक्ताळले, तरच त्याला घरात आणावे.

पाहुणा उंबऱ्यात आला की त्याच्या हाती गूळपाणी द्यायचे, ही या मुलखाची रीत. खारीच्या बाबतीत मात्र क्रम बदलावा लागतो. आधी ऊब, मग पाणी, मग दूध. गार पडलेल्या पिलाचे पोट चालत नाही. त्या अवस्थेत घातलेले दूध पोटात नासते आणि वाचला असता तो जीव जातो. बुटाच्या खोक्याला भोके पाडावीत आणि तळाशी जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे मऊ तुकडे घालावेत. टॉवेल घालू नये, त्याच्या धाग्यांच्या फाशांत पिलाची नखे अडकतात आणि पाय मुरगळतो. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे ऊब जास्त झाली तर पिलाला दुसरीकडे सरकता येते. अर्ध्या-पाऊण तासाने तळहातावर घेतले की फरक कळतो. मघाशी ओल्या बोळ्यासारखे पडलेले अंग आता आकसते, पसरते, तळहाताच्या खळग्यात नाक खुपसून आईचे पोट शोधू लागते.

अंग उबदार झाल्यावर पाण्याची वेळ येते. मानेवरची कातडी चिमटीत हलकेच उचलून सोडली आणि ती लगेच सपाट झाली नाही, तर शरीरातले पाणी कमी झाले आहे असे समजावे. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पातळ केलेले ओआरएस कोमट करून थेंब थेंब द्यावे. पिलाला उताणे धरून कधीच पाजू नये. आईला ते पोटावर पडून पिते, म्हणून हातातही पोट खाली आणि डोके किंचित वर असेच धरावे. सुई काढलेली १ मिलीलिटरची सिरिंज सर्वात सोयीची. दट्ट्या इतका सावकाश सरकावा की थेंब ओठांवर येईल आणि पिलू तो स्वतः ओढून घेईल. नाकातून फेस किंवा दूध आले तर पाजणे ताबडतोब थांबवावे, डोके खाली करून नाक पुसावे आणि पिलाला श्वास घेऊ द्यावा. फुप्फुसात गेलेल्या दुधाने न्यूमोनिया होतो आणि घरात वाढवलेली कितीतरी पिले त्यानेच दगावतात.

दुधाबाबत कोल्हापूरकराचा हात सहज म्हशीच्या दुधाकडे जातो. धारोष्ण दुधावर पोसलेल्या गावाला ते नैसर्गिक वाटते, पण खारीच्या पिलाला गाईचे किंवा म्हशीचे दूध पचत नाही. पोट फुगते, हगवण लागते आणि एवढ्याशा शरीरातले पाणी काही तासांत निघून जाते. कुत्र्याच्या पिलांसाठी मिळणारी दुधाची पावडर पशुवैद्याला विचारून वापरावी. ती मिळेपर्यंत शेळीचे पातळ दूध, तेही त्यांच्याच सल्ल्याने. एका वेळचे माप वजनाच्या साधारण ५ टक्के, म्हणजे दोन तोळ्यांच्या जिवाला १ मिलीलिटर. डोळे न उघडलेल्या पिलाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पाजावे लागते. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पोटाखालून शेपटीकडे हळुवार फिरवावा. लघवी-शी करायला लावण्याचे हे काम आई जिभेने करते, ते झाले नाही तर पिलू तुंबून मरते.

रात्री दोनला घरात एकच दिवा असतो. पिलू अजून केसांनी झाकलेले नसेल, तर पोटाच्या पातळ कातडीखाली नुकत्याच प्यायलेल्या दुधाचा पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो. पुढच्या दोन्ही पंजांनी ते सिरिंजचे टोक धरते, चार-चार बोटांनी, तांदळाच्या कणीहून लहान नखांनी. ओढता ओढता मध्येच झोपते आणि पंजे सुटत नाहीत. ज्याच्या हातात हे असते त्याने अंग हलवायचे नसते.

मोठी जखमी खार हे वेगळे काम आहे. तिला उघड्या हाताने धरू नये. भ्यालेली खार कडाडून चावते, आणि तिचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहणारे, सालीसारख्या टणक वस्तूही कुरतडणारे असतात. जाड फडके अंगावर टाकून, फडक्यासकट उचलून खोक्यात ठेवावे. शेपटीला धरून उचलणे ही सर्वात मोठी चूक, कारण शेपटीची कातडी निसटून हातात येते. खोके अंधारे, शांत आणि उबदार जागी ठेवावे. टीव्ही, कुत्रे, शेजारची मुले आणि मोबाइलचे फोटो या सगळ्यांना दार बंद असावे, कारण वन्य प्राण्याला माणसाचे प्रेमळ तोंडही शिकाऱ्याचेच दिसते आणि भीतीनेसुद्धा तो मरू शकतो.

जखमेत हळद दाबण्याचा मोह आवरावा. तिने जखमेची खोली झाकली जाते. सलाइनने धुऊन पुढचे पशुवैद्यावर सोपवावे. मांजराच्या दाताची जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी लाळेतले जंतू आत खोल गेलेले असतात आणि त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू झाले नाही तर खार सहसा वाचत नाही. उन्हाळ्यात जखमेच्या कडेला तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे दिसले तर ती माशीची अंडी असतात, ती लगेच काढावी लागतात. मोडलेल्या पायाला काडी बांधू नये. माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नये. खार चावली तर हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावे. खारीत रेबीज अतिशय क्वचित आढळतो, तरी लशीचा निर्णय डॉक्टरांचा.

या सगळ्याला कायद्याची चौकट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षित वन्यप्राणी पाळता येत नाही आणि असा प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. कोल्हापूर हे वनवृत्ताचे मुख्यालय आहे आणि वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक राज्यभर चालतो. घर ही सोयीची पहिली रात्र असू शकते, खारीचा पत्ता होऊ शकत नाही. शेकरू सापडले तर ती पहिली रात्रही घरात काढू नये, थेट वनविभागाला कळवावे.

वनविभागाच्या संमतीने आणि पशुवैद्याच्या देखरेखीखाली पिलू घरात राहिले, तर पुढचे आठवडे वाढीचे असतात. सुमारे तीन आठवड्यांनी डोळे उघडतात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास दूध सुटते. मधल्या काळात दाण्यांचा मोह होतो, कारण शेंगदाणे इथल्या घरांत नेहमीच असतात आणि पिलू ते आवडीने खाते. फक्त शेंगदाण्यांवर वाढलेल्या खारीला कॅल्शियम पुरत नाही, हाडे मऊ पडतात, ती मागचे पाय ओढू लागते. म्हणून मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी, काकडी, मोसमातले फळ, कोवळी पालवी आणि कुरतडायला साल असलेल्या फांद्या द्याव्यात. रोज थोडे कोवळे ऊनही हवे. भावंड सापडले असेल तर दोघांना एकत्रच ठेवावे. नाव ठेवणे, खांद्यावर बसवणे, ओंजळीतून खाऊ घालणे डोळे उघडताच हळूहळू बंद करावे. माणसाला न भिणारी खार मांजरालाही भीत नाही.

सोडण्याआधी पिंजरा बाहेर, झाडाजवळ, उंदीर आणि साप शिरणार नाहीत अशा बारीक जाळीचा असावा. मागचा पाय घोट्यातून उलटा वळवून खार खोडावरून डोके खाली करून उतरते. पिंजऱ्यातल्या फांदीवर ती हे सहज करू लागली, घारीची सावली पाहून गोठू लागली, किंचाळून धोक्याची हाक देऊ लागली, की तिची तयारी झाली. आषाढातल्या झडीत सोडू नये, उघडीप पाहावी. सकाळी, जिथे सापडली त्याच परिसरात, दार उघडून दूर व्हावे. महादेवी वर्मा यांच्या ‘गिल्लू’ या हिंदी लेखातली खार कावळ्यांच्या चोचींनी जखमी होऊन घरात आली होती. ती बरी झाल्यावर त्यांनी खिडकीच्या जाळीचा कोपरा तिच्यासाठी मोकळा केला. शुश्रूषेचे खरे माप त्या कोपऱ्यात आहे. काही दिवस पिंजऱ्यात खाणे ठेवत राहावे. पहिल्या संध्याकाळी ती परत येईल, मग एक दिवसाआड, मग येणार नाही.

सगळी पिले वाचत नाहीत. चांगल्या हातांतही काही पहाटेपर्यंत गार पडतात, आणि तो दोष हातांचा असतोच असे नाही.

रामाचा सेतू बांधला जात असताना अंगाला वाळू लावून ती सेतूवर झटकणाऱ्या खारीची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग तिच्यामुळेच आला. रामाने पाठीवरून बोटे फिरवली आणि तीन पट्टे उमटले, असे लोककथा म्हणते. दक्षिणेकडच्या खारीला तीन पट्टे असतात, उत्तरेकडच्या खारीला पाच. दोन्ही जातींचा वावर महाराष्ट्रात आहे. त्या गोष्टीत रामाने खारीला जवळ ठेवून घेतले नाही. बोटे फिरली, खाली सोडले आणि ती पुन्हा वाळूकडे धावली. माणसाचा वाटाही तेवढाच असावा.

त्याहून सोपा वाटा एकच आहे. वळिवाआधी परसातला आंबा छाटायचा ठरला, तर कोयता चालवण्यापूर्वी मान वर करून बेचके पाहावे. पाचोळ्याचा गोळा हलताना दिसला, तर ती फांदी पिले मोठी होईपर्यंत राहू द्यावी.