न सांगितलेली दुरुस्ती

माणसानें पन्नाशी उलटल्यावर वैद्याकडे जाणें शक्य तितकें टाळावें, मोटारीस मात्र वेळच्या वेळीं मिस्त्रीकडे न्यावें, असा आमच्या घरचा रिवाज आहे. नेरूळला बिऱ्हाड करून आम्हांस एकवीस वर्षें झालीं. मोटार त्या मानानें तरुण, बारा वर्षांची. गेल्या जूनमध्यें मातोश्रींस पुण्याहून आणावयाचें ठरलें, आणि नेमका त्याच सुमारास ब्रेक दाबतांच चाकांतून किंकाळी उमटूं लागली. पुढें खंडाळ्याचा घाट. म्हणून तुर्भ्यास रेल्वेरुळांच्या अंगाला असलेल्या एका मिस्त्रीकडे आम्हीं गाडी दिली. ब्रेक साफ करणें व इंजिनचें तेल बदलणें, मिळून ३,५०० रुपये, असें तोंडी ठरलें. लिहून घेण्याचें मनांत आलें नाहीं. जन्मभर मुलांस लेखी उत्तरें लिहावयास लावणाऱ्या माणसाचें हें असें असतें.

सायंकाळीं बिल हातीं पडलें तें १३,४०० रुपयांचें. ब्रेकचे पॅड, मागील दोन सिलिंडर व ब्रेकचें तेल यांचे ३,९०० आणि नव्या क्लच-प्लेटचे, मजुरीसह, ६,०००.

"हें करावयास तुम्हांला कोणीं सांगितलें, मिस्त्री?"

"दोनदां फोन लावला, सर. तुम्ही उचललाच न्हाई."

हें खरें होतें. आम्ही परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होतों व भ्रमणध्वनि मुका होऊन कपाटांत पडला होता. मौन म्हणजे संमति, हें वचन आम्हीं वर्गांत अनेकदां विनोदानें वापरलें आहे. तें दहा हजारांस पडेल असें वाटलें नव्हतें. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असें कांहीं तरी पुटपुटत आम्ही रिक्षानें घरीं परतलों. गाडीची किल्ली मिस्त्रीच्या खिळ्यावरच राहिली.

रात्रीं शेजारच्या वकिलांस गांठलें. त्यांनीं १८७२ चा कराराचा कायदा काढला. कारागिरानें सोंपविलेल्या वस्तूवर सोंपविलेलें काम केलें असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तु अडकवून ठेवण्याचा हक्क त्यास १७० व्या कलमानें आहे. न सोंपविलेल्या कामाचा प्रश्न निराळा. तेथें ७० वें कलम उभें राहतें: फुकट करण्याचा हेतु नसतां एकानें दुसऱ्यासाठीं रीतसर कांहीं केलें व दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर त्यानें मोबदला द्यावा. आमचें तोंड उतरलेलें पाहून वकिलांनीं पुढचें सांगितलें. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध मंडल या १९६२ च्या निवाडा-संग्रहांतील खटल्यांत आपल्या साताऱ्याच्या न्यायमूर्ति गजेंद्रगडकरांनीं या कलमाचा अर्थ लावतांना स्पष्ट केलें आहे कीं, दिलेली वस्तु न स्वीकारण्याची किंवा परत करण्याची मोकळीक घेणाऱ्यास असली पाहिजे. ग्राहक आयोगाकडे जाण्याची वाट २०१९ च्या कायद्यानें मोकळी आहेच. परंतु मातोश्रींस रविवारीं आणावयाचें, आणि तो दिवस शुक्रवार.

सकाळीं आम्हीं मिस्त्रीकडे जुने भाग मागितले. त्यानें तत्काळ फडक्यांत गुंडाळलेले पॅड आणून दाखविले. अस्तर संपून लोखंड उघडें पडलें होतें. सिलिंडर तेलानें ओले. "हे घेऊन घाट उतरला असता का, सर? आईसाहेबांना बसवून?" आम्ही निरुत्तर झालों. ब्रेकपुरती रक्कम आम्हीं मनांतल्या मनांत त्याच क्षणीं मान्य केली.

"आतां क्लचची प्लेट दाखवा."

"ती भंगारवाल्यानं नेली."

येथें मात्र आम्हांस पाय रोवावयास जागा सांपडली. जुनी प्लेटच नाहीं, तर "तुमची नवी काढा, आमची जुनी बसवा" असें म्हणण्याची मोकळीक तरी कोठें उरली? न्यायमूर्तींचा मुद्दा आम्हीं शक्य तितक्या सोप्या मराठींत मांडला. तो त्यानें शांतपणें ऐकून घेतला व म्हणाला, "बरं, मजुरीचे २,२०० सोडा. माल मात्र माझ्या खिशातला गेलाय."

११,२०० रुपये मोजून आम्हीं किल्ली घेतली. त्या वेळीं गाडीखालून एक पोऱ्या निघाला, खांद्यापर्यंत काळा. आदल्या दिवशीं गिअरबॉक्स उतरविला तो यानेंच. सर्व वादांतून शेवटीं कापली गेली ती मालाची किंमत नव्हे, मजुरी. आणि ती मिस्त्रीनें कोणाच्या वाट्यांतून वजा केली हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. गेल्या वर्षीं एका रुग्णालयांत तपासण्यांच्या भल्यामोठ्या यादीवर आम्हीं न वाचतां सही केली होती, ही आठवण सौभाग्यवतींनीं घरीं पोहोंचल्यावर दिली. त्या अशा आठवणी वेळेवर देतात.

रविवारीं घाटांत क्लच लोण्यासारखा चालला. आम्ही त्याविषयीं गाडींत कोणाशींच बोललों नाहीं.

त्यानंतर आम्ही गाडीबरोबर चिठ्ठी देतों: "याखेरीज विचारल्यावांचून कांहींही करूं नये." मिस्त्रीनें ती भिंतीवर टांचली आहे. पुढें सप्टेंबरांत वायपरचें रबर बदलावें काय, किंमत १२० रुपये, हें विचारण्यासाठीं त्याचे तीन फोन येऊन गेले. आम्ही तासावर होतों. सायंकाळीं गाडी जुन्याच रबरानिशीं हातीं आली, आणि पामबीच रस्त्यावर पावसानें आम्हांस गांठलें.