लुइजीचा डाव

शेजाऱ्यांनी अडगळीत टाकलेला एक्सबॉक्स मी मागून आणला. मायक्रोसॉफ्टने २००१ साली काढलेले हे यंत्र म्हणजे खेळण्याच्या वेषातला संगणकच! प्रोसेसर ७३३ मेगाहर्ट्‌झचा, मेमरी अवघी ६४ मेगाबाइट. पण मानी एवढे, की कंपनीची सही असल्याखेरीज कुठल्याही प्रोग्रॅमला उंबरठा ओलांडू देत नाही. मग मी एका खेळाची साठवलेली फाइल मुद्दाम बिघडवली. ती उघडताना स्वारीला ठेच लागली आणि तेवढ्यात लिनक्स आत शिरले. यात माझे दोन रविवार गेले.

“आता भंगारवाला तरी घेईल का?” हिने विचारले.

पुढे त्यावर जुन्या निन्टेंडोचे सोंग वठवणारा एम्युलेटर चढवला आणि १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ लावला. सूर कानी पडताच ही कणकेच्या हातांनी बाहेर आली.

“दोघांचा लावा.”

मी लावला. हात पुसून हिने दुसरा कंट्रोलर उचलला. मी पहिल्याकडे हात नेला.

“तो राहू द्या. दादाचा आहे.”

दादाला जाऊन सहा वर्षे झाली. सुटीत मारिओ नेहमी तोच व्हायचा, आणि मारिओ मेल्याशिवाय लुइजीचा डाव येत नाही. पडद्यावरचे घड्याळ ४०० वरून शून्यावर येईपर्यंत मारिओ जागचा हलला नाही. आम्ही दोघेही बसून राहिलो.

मग ही खेळू लागली. पोळ्यांना त्या दिवशी उशीर झाला.