घर विकण्याआधी वारस मोजा

घर विकायचे ठरले की आपल्याकडे पहिली धाव रंगाऱ्याकडे जाते. भिंतींना रंग लागतो, मोरी घासली जाते, पोटमाळ्यावरची अडगळ भंगारवाल्याकडे जाते. गिऱ्हाईक येते, भाव ठरतो, पेढेही वाटले जातात. मग महिन्याभराने गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील एकच प्रश्न विचारतो, "मूळ मालक हयात नाहीत ना? मग त्यांचे वारस किती?" आणि सगळा व्यवहार तिथेच अडतो.

कल्याणच्या एका वकिलांकडे मी सव्वीस वर्षे टायपिस्ट म्हणून नोकरी केली. अशी अडलेली किती प्रकरणे माझ्या हाताखालून गेली याची मोजदाद नाही. २०२३ साली आमच्याच घराची पाळी आली. त्या वेळी जे केले आणि जे पाहिले, ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९८८ मध्ये त्यांनी कल्याण पूर्वेला एक खोली आणि स्वयंपाकघर असे घर घेतले. फंडातून उचल, पतपेढीचे कर्ज आणि आईच्या दोन पाटल्या, असे ते पैसे उभे राहिले. घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. २०१६ मध्ये बाबा गेले. पुढे आईचे गुडघे इतके धरले की दवाखान्याखेरीज ती खाली उतरेनाशी झाली. हे घर विकून तळमजल्यावर घर घ्यावे असे सगळ्यांच्या मनात आले.

धाकट्या भावाचे म्हणणे सरळ होते. "सोसायटीत आई नॉमिनी आहे. म्हणजे घर आईचं. तिची सही झाली की झालं." असे समजणारा तो एकटा नाही. शंभरातले नव्वद लोक हेच समजतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद वारल्यावर सोसायटीने कोणाशी पत्रव्यवहार करायचा, एवढ्यापुरते ते नाव असते. सहकार कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तीत तर स्पष्टच म्हटले आहे की वारसांचा निर्णय होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद राहील. घराची मालकी वारसांची असते आणि विक्रीच्या करारावर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात.

वारस कोण, हे मृत्युपत्र असेल तर त्यावरून ठरते. बाबांनी मृत्युपत्र केले नव्हते. अशा वेळी हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होतो. "आपण बौद्ध, आपल्याला हा कायदा कसा?" असे पुष्कळ जण विचारतात. तो बौद्धांनाही लागू आहे, तसे त्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल मांडले. ते रखडले, आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून निरनिराळे कायदे झाले, त्यांतला हा एक.

या कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना प्रत्येकी सारखा वाटा मिळतो. मुलगा वडिलांच्या आधी वारला असेल तर त्याच्या वाट्याला त्याची विधवा आणि मुले उभी राहतात. मुलींना हक्क २००५ मध्ये मिळाला अशी सर्वत्र समजूत आहे. २००५ ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दलची आहे. वडिलांनी स्वतःच्या कष्टाने घेतलेल्या घरात मुलीचा वाटा १९५६ पासूनच आहे. राहत्या घराची वाटणी मात्र मुलीला स्वतःहून मागता येत नसे. ती अट २००५ मध्ये गेली.

आता आमचा हिशोब मांडते. आई, मी, धाकटी बहीण, धाकटा भाऊ असे चार वाटे. माझा थोरला भाऊ बाबांच्या आधी, २०११ मध्ये वारला. त्याचा पाचवा वाटा. तो वहिनी आणि तिचा मुलगा यांच्यात अर्धा-अर्धा.

खरा पेच इथेच होता. दादा गेल्यावर वहिनी लहान मुलाला घेऊन माहेरी अंबरनाथला राहायला गेली. चार घरची स्वयंपाकाची कामे करून तिने मुलाला शिकवले. घर विकायचे बोलणे निघाले तेव्हा नात्यातली मंडळी म्हणाली, "तिला कशाला मध्ये घेता? ती बारा वर्षं इथे राहतच नाही." राहत नाही म्हणून हक्क जात नाही. मीसुद्धा लग्न होऊन तीस वर्षे त्या घरात राहत नाही. माझ्या सहीशिवाय व्यवहार होत नाही हे सर्वांना मान्य होते, मग वहिनीच्या बाबतीत निराळा न्याय कसा? मी भावाला सांगितले, "वहिनीचं नाव नसलेल्या कागदावर मी सही करणार नाही." दोन महिने तो माझ्याशी धड बोलला नाही. शेवटी आई म्हणाली, "माझ्या थोरल्याचा वाटा खाऊन मला तळमजला नको." मग भाऊ स्वतः अंबरनाथला गेला आणि वहिनीला घेऊन आला.

पुतण्या तेव्हा सोळा वर्षांचा होता. अज्ञान मुलाचा वाटा विकायला आईची सही पुरत नाही, न्यायालयाची आगाऊ परवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार तो मुलगा सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतो. वहिनीने अर्ज केला. परवानगीला सात महिने लागले, आणि मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्या नावे बँकेत ठेवण्याची अट न्यायालयाने घातली. तोवर आलेली दोन गिऱ्हाइके निघून गेली. तिसरे मिळाले. म्हणून सांगते, वारसांत अज्ञान मूल असेल तर गिऱ्हाईक शोधायच्या आधी अर्ज करा.

माता-भगिनींना हक्कसोडपत्राबद्दल दोन शब्द. बहिणीने राजीखुशीने आपला वाटा आईच्या किंवा भावाच्या नावे सोडला तर त्यात काही वावगे नाही. पण तो कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, आणि एकदा नोंदवला की सहजासहजी मागे फिरता येत नाही. राखीपौर्णिमेला साडी देऊन, "नुसती एक सही हवी आहे," म्हणून कोणी कागद पुढे केला तर तो घरी आणा, शिकलेल्या मुलांकडून वाचून घ्या, मग ठरवा. भावांनीही बहिणीला काय सोडायला सांगतो आहोत ते आकड्यांत सांगावे. मी माझा वाटा घेतला. धाकट्या बहिणीनेही घेतला, त्यातून तिच्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरली. त्यामुळे आमचे माहेर तुटले नाही.

माणसांचा प्रश्न सुटला की कागदांची फाईल करा. मूळ खरेदी करार आणि त्याआधीचे सर्व करार, मुद्रांक व नोंदणीच्या पावत्या, इंडेक्स टू, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, घरपट्टी व विजेची शेवटची बिले, मृत्यूचा दाखला, आणि कर्ज घेतले असल्यास ते फिटल्याचे बँकेचे पत्र. कर्ज फिटूनही मूळ कागद बँकेतच पडून असल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार द्या, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या आणि नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढा. याला वेळ लागतो, म्हणून ते आधी करायचे.

सोसायटीला विक्रीच्या इराद्याची पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. आदर्श उपविधीप्रमाणे विक्रीला सोसायटीचा ना हरकत दाखला सक्तीचा नाही, पण गिऱ्हाइकाची बँक तो मागतेच. तेव्हा थकबाकी भरून बाकी नसल्याचा दाखला घ्या. हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतो, आणि वारसांच्या नावे सभासदत्व करताना तो घेताच येत नाही. त्यावर देणगी, रंगकाम निधी अशा नावाने कोणी पैसे मागितले तर, "लेखी द्या," एवढे म्हणा. आमच्याकडे तेवढ्यावरच मागणी थांबली.

आता रंगरंगोटी. विकायच्या घरात नव्या फरशा, फॉल्स सीलिंग असा खर्च करू नका. घेणारा आपल्या आवडीने पुन्हा तोडफोड करतोच. गळके नळ बदला, तुटके स्विच बदला, खिडक्या पुसा, खोलीतले जास्तीचे सामान हलवा आणि गिऱ्हाईक दिवसाउजेडी बोलवा. ओल असेल तर आधी गळती काढा. ओलीवर रंग मारून ती लपवू नका. घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. आम्ही संडासाच्या मागच्या भिंतीची ओल गिऱ्हाइकाला दाखवली आणि दुरुस्तीची पावतीही दाखवली.

एजंट घर पाहून गेला तेव्हा भिंतीकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "हा फोटो तेवढा काढून ठेवा. गिऱ्हाईक लवकर येईल." बाबासाहेबांचा तो फोटो बाबांनी घर घेतले त्या दिवशी लावला होता. भाऊ खाली बघू लागला. आईने खाटेवरूनच सांगितले, "तो शेवटच्या दिवशी माझ्यासोबत निघेल. त्याआधी नाही." ज्यांनी घर घेतले त्यांनी फोटो पाहिला होता आणि त्यांची काही हरकत नव्हती. ज्याला आपल्या भिंतीवरच्या फोटोची अडचण होते तो पुढे भावातही अडचणी काढतो, असा माझा अनुभव आहे.

पैशांच्या बाबतीत चार नियम पाळा. भाव सांगण्याआधी सरकारचा रेडी रेकनर दर पाहा आणि आपल्याच इमारतीत अलीकडे नोंदलेले व्यवहार विचारा. विसार घेताना लेखी पावती करा, त्यात मुदत आणि व्यवहार मोडल्यास काय, ते लिहा. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून बंदी आहे, घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. आणि शेवटचा पैसा खात्यात जमा होईपर्यंत किल्ली देऊ नका. आमच्या करारात पाचही वाटे आकड्यांसह लिहिले आणि प्रत्येकाचा पैसा थेट त्याच्या खात्यात गेला. पैसे एकाच्या खात्यात येऊन मग वाटायचे म्हटले की भांडण ठरलेले.

आयकराचाही विचार करा. कर एकूण किमतीवर नसतो, नफ्यावर असतो, आणि तो प्रत्येक वारसाला आपापल्या वाट्यापुरता लागतो. २३ जुलै २०२४ पासून जुन्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला महागाईचा हिशोब धरून वीस टक्के हाही पर्याय आहे. यांतला कमी कर भरायचा. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घराला त्या तारखेचे मूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येते. नफ्याच्या पैशांतून दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतले तर सूट मिळते. कर सल्लागाराची फी इथे वाया जात नाही.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचे छप्पर विकताना दुसरे छप्पर आधी नक्की करा. "काही दिवस आमच्याकडे राहील," या शब्दावर घर विकून एका मुलाकडून दुसऱ्याकडे फिरणाऱ्या आया मी वकिलांच्या बाकावर बसलेल्या पाहिल्या आहेत. आईचा आणि धाकट्या भावाचा वाटा एकत्र करून बदलापूरला तळमजल्यावर घर घेतले. करारावर पहिले नाव आईचे आहे आणि दुसरे भावाचे. आई आता रोज संध्याकाळी काठी टेकत दारापुढच्या रस्त्यावर फेरी मारून येते. आणि या वेळी तिने मृत्युपत्रही करून ठेवले आहे.