मासोळीवरचा वारा

७ जून
मृग लागला. पावसाळ्यात गोव्यात पाण्यावरचे खेळ बंद. बोर्ड, फॉइल, विंग, पंप, सगळं घेऊन गंगाखेडला आलो.

८ जून
जनाबाईच्या मंदिरामागून घाटावर उतरलो. गोदावरीत पाणी डोहांपुरतं. मध्ये वाळू उपसल्याचे खड्डे. वारा पश्चिमेचा, भरपूर. फॉइलचा मास्ट, म्हणजे बोर्डाखालचा दांडा, पाऊण मीटर लांब. इथं टेकणार.

९ जून
मासोळी धरण. पाणी भिंतीकडे सरकलंय, मागे गाळाला भेगा. वारा आहे तेव्हा पाणी नाही. कार्तिकात धरण तुडुंब असतं, तेव्हा पान हलत नाही.

११ जून
काठावर एक भोईकाका जाळं सांधत होते. फॉइलच्या पात्यावरून बोट फिरवून म्हणाले, "जाळं फाडंल हे." खरं आहे. मग त्यांनीच दाखवलं: रिकाम्या बाटल्या तरंगतात ती जाळ्याची ओळ. मधोमध नदीचं जुनं पात्र, तिथं दोन पुरुष पाणी. जाळी सकाळी निघतात, वारा दुपारी उठतो.
पाटबंधारेवाल्यांना भेटलो. इंजिन नाही, तेल नाही. लाइफ जॅकेट घालायचं, भिंतीपासून आणि सांडव्यापासून लांब राहायचं. ठरलं.

१४ जून
मोकळ्या रानात विंग फुगवली. पोरं जमली. एकाने विचारलं, "पाण्यावर हे कशानं पळायलंय?" ओल्या मातीत काडीने काढून दाखवलं. विंग हातात धरायची, वारा ओढतो. बोर्डाखाली पाण्यात विमानाच्या पंखासारखं पातं. वेग आला की पाणी त्याला वर उचलतं, बोर्ड सुटतो, पाण्यात राहतं फक्त पातं आणि मास्ट. अडवणूक कमी, म्हणून थोड्या वाऱ्यातही वेग.
त्याला लगेच बसायचं होतं. पोहता येत नाही म्हणाला. आधी पोहणं.

२० जून
शेगावची पालखी गावात. सगळ्या पताका पूर्वेकडे ताठ. दर्शन घेतलं आणि वाराही बघून घेतला.

२२ जून
आज झालं.
दुपारी तीननंतर पाण्यावर काळे पट्टे धावू लागले. गुडघ्यांवर बसून निघालो, उभा राहिलो. बोर्डाखाली लाटा थापट्या मारत होत्या. विंगला दोन झटके, पायाने रेटा, आणि थापट्यांचा आवाज एकदम बंद. वर होतो. गढूळ पाणी खालून सरकत होतं, मास्टपाशी फक्त बारीक सीसी आवाज. दोनापावलाला समुद्रावर हे अनुभवलंय, पण तिथं खारा वारा. इथं पहिल्या पावसाच्या मातीचा वास, काठावर म्हशी, आणि भोईकाका उभे राहून हात हलवताहेत. पात्राच्या वळणापर्यंत गेलो, वळताना पडलो, पुन्हा उठलो. ऊन उतरेपर्यंत हेच.
समुद्रावरच्या कुठल्याही दिवसापेक्षा हा मोठा.

२३ जून
खांदे भरून आलेत. वारा पडला.

२७ जून
पोरांना सांगितलं: २०२३ साली हांगझोऊच्या एशियाडमध्ये नेहा ठाकूरला शिडाच्या होडीत रौप्य, इबाद अलीला विंडसर्फिंगमध्ये कांस्य. दोघंही भोपाळच्या तलावावर तयार झालेले. भोपाळला कुठला समुद्र? नेहा देवासची, शेतकऱ्याची मुलगी. पॅरिसला २०२४ मध्ये विंडसर्फिंग फॉइलवरच झालं.
एक मुलगी शेवटपर्यंत ऐकत बसली. "पोरींला घेत्यात का?" घेतात.

५ जुलै
वारा दमदार, पण सरींबरोबर फिरतो. दोनदा दिशा बदलली. बाहेर आलो.

२४ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी. धरण काठोकाठ. वारा नाही. विंग पिशवीतच.
पोरांना काठाकडच्या उथळ पाण्यात उतरवलं. भोईकाका कमरेएवढ्या पाण्यात उभे. जूनमधला तो पोरगा आज हात सोडून तरंगला.

२६ ऑक्टोबर
पोरं वाढली, ती मुलगीही आली. जॅकेटं पुरत नाहीत, पाळीपाळीने घालावी लागतात. गोव्याच्या आणि मुंबईच्या मित्रांना निरोप पाठवले: जुनी लाइफ जॅकेटं टाकू नका, गंगाखेडला पाठवा. लहान मापाची आधी.