खालून चढणारे थर

उजव्या हाताला कंप सुटला तेव्हा माशाच्या खवल्याची कड कापायचं काम विद्यार्थिनीकडे दिलं. ती सुरेख कापते. हे तोंडावर सांगायला मला जड गेलं, कारण माझ्याइतकी अरुंद कड कुणाला जमत नाही, हा माझा अभिमान होता. छापून आलेल्या नावाहून मोठा.

कडेचा आग्रह का, ते या कामातल्यांना ठाऊक आहे. महसीरच्या खवल्यावरची वर्तुळं खोडातल्या वर्तुळांसारखी दिसतात आणि फसवतात. वरचा हाडाचा पापुद्रा कडेनं वाढतो. कोलॅजनचे थर मात्र खालून, सबंध खवल्याभर चढत जातात. माशानं काय खाल्लं हे सांगणाऱ्या आयसोटोपसाठी लागणारा नायट्रोजन आणि बहुतेक कार्बन त्या कोलॅजनमधला. म्हणून मधल्या तुकड्यात पिल्लाचं पहिलं वर्ष असतं, पण पुढची सगळी वर्षं त्याला खालून चिकटलेली. निखळ फक्त कड, म्हणजे शेवटचा हंगाम. आणि मला पहिल्यापासून हवा आहे तो मध्य.

महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात महसीर देवीचे म्हणून राखले जातात. अशा डोहात स्नायूच्या तुकड्यासाठी मासा मारायचा विचारही नको. लोक त्यांना खायला घालतात. ऊस, ज्वारी, मक्याच्या कार्बनचं आयसोटोप-मूल्य दर हजारी उणे 12 च्या आसपास, भाताचं आणि काठच्या झाडांचं उणे 27 च्या. ज्वारीची भाकरी ओळखू येते. चुरमुरे रानातल्या पानांत मिसळून जातात. मासा माणसाचं खायला कधी लागला, हे विचारायचं तर त्याचं लहानपण वेगळं काढता यायला हवं.

अख्खा खवला कुटून आयसोटोप मोजायच्या यंत्रात घालणारे आणि त्या सरासरीवरून जीवनकथा लिहिणारे मला सहन होत नाहीत. स्नायूसाठी अजून मासे मारणारे तर मुळीच नाहीत. कर्नल साइक्सनं 1839 साली मुळा-मुठेतल्या ज्या महसीरचं वर्णन छापलं, तो आज पुण्याच्या पाण्यात दिसायची मारामार आहे. आणि वय मोजायला जमवलेल्या खवल्यांची जुनी पाकिटं जागा अडवतात म्हणून फेकली जातात! कोरडं कोलॅजन दशकानुदशकं टिकतं. त्या पाकिटांत आज नसलेल्या नद्या होत्या.

विद्यार्थिनी म्हणते, "सर, खालची बाजू घासून काढू, वरचा पापुद्रा उरेल." उरेल, पण वजनात भरेल का? यंत्राला अर्धा मिलिग्रॅम तरी लागतो. "मग एकाच माशाचे जास्त खवले घेऊ." इथे मी अडतो. महसीरचे खवले मोठे, अंगावरच्या मधल्या रेषेवर जेमतेम 25. प्रत्येक काढलेल्या खवल्यामागे उघडी जखम, आणि तिथे नव्यानं उगवतो त्यात बालपण नसतंच. जिवंत माशाचे तीन-चारांहून जास्त मी काढू देणार नाही.

सध्या मेलेल्या माशांच्या खवल्यांवर घासून पाहतो आहोत. घासायचं काम मी माझ्याकडे ठेवलं आहे. त्याला हात स्थिर लागत नाही, आणि मध्य माझ्याच हातून सुटावा असं मला अजून वाटतं.